इंजिनाचा कायदा आणि शेडमधली धूळ

१९४७ साली एक माणूस अमेरिकेतल्या ‘शिकागो, मिलवॉकी, सेंट पॉल अँड पॅसिफिक’ या रेल्वे कंपनीत कामाला लागला. एवढं लांबलचक नाव कोण घेणार. लोक तिला ‘मिलवॉकी रोड’ म्हणत. हा माणूस वेल्डर आणि मशिनिस्ट होता. १९७४ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं, त्याने इंजिनांच्या दुरुस्तीचं काम केलं. त्यात दोन गोष्टी नेहमीच्या होत्या: इंजिनांना ब्रेक शू बसवणं आणि बॉयलरभोवतीचं वेष्टण सोलून काढणं. दोन्हींत ॲस्बेस्टॉस होतं, असं त्याचं म्हणणं.

ब्रेक शू म्हणजे चाकावर दाबला जाणारा ठोकळा. चाक घासून तो तापतो, आणि तापूनही जळू नये म्हणून त्याच्या मिश्रणात ॲस्बेस्टॉसचे तंतू घालत. बॉयलरच्या वेष्टणातही ते असत, उष्णता आतल्या आत राहावी म्हणून. वस्तू जागच्या जागी शाबूत आहे तोवर तंतू बांधलेले राहतात. ती घासली, फोडली, खरवडली की सुटतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासाबरोबर आत जातात आणि तिथेच बसतात. मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या अस्तराचा कर्करोग त्यातून व्हायला वीस, तीस, कधी पन्नास वर्षंही जातात. या वेल्डरला तो झाल्याचं २००५ साली कळलं. नोकरी सोडून तेव्हा एकतीस वर्षं झाली होती.

२००७ साली नवरा-बायकोने मिळून पेनसिल्व्हेनियाच्या राज्य न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी एकोणसाठ. ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांत असं होतंच. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी नाकात गेलेली धूळ नेमकी कुणाच्या मालाची होती हे कोण सांगणार? त्यातल्या दोन कंपन्या पुढे महत्त्वाच्या ठरल्या. ‘रेलरोड फ्रिक्शन प्रॉडक्ट्स कॉर्पोरेशन’ ब्रेक शू पुरवत असे. ‘व्हायड’ ही इंजिनं आणि त्यांचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीची कायदेशीर वारस होती. आरोप दोन: मालाची घडणच सदोष होती, आणि त्यातला धोका सांगितला नाही, तो हाताळताना काय काळजी घ्यायची तेही सांगितलं नाही.

दावा चालू असताना तो गेला, मग बायकोही गेली. दोघांच्याही जागी त्यांच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी ग्लोरिया कर्न्स उभी राहिली, आणि तिच्या आडनावाने हे प्रकरण ‘कर्न्स विरुद्ध रेलरोड फ्रिक्शन प्रॉडक्ट्स’ म्हणून कायद्याच्या पुस्तकांत शिरलं. दावा राज्य न्यायालयातून फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयात हलवला गेला, तिथे तो ज्युरीपर्यंत न जाताच फेटाळला गेला, अपिलात तिसऱ्या सर्किटच्या न्यायालयाने, म्हणजे त्या विभागाच्या फेडरल अपील न्यायालयाने, तेच कायम केलं. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही. माल धोकादायक होता का, कंपन्यांना ते कधीपासून ठाऊक होतं, यावर साक्षीपुरावा झालाच नाही. दावा अडला तो १९११ सालच्या एका कायद्यात, ज्यात ॲस्बेस्टॉस हा शब्दही नाही.

बाकीचे दरवाजे

कुणी विचारेल, नोकरीतून आजार झाला तर मालकाकडून भरपाई घ्यायची, कंपन्यांच्या मागे का लागायचं? या प्रश्नाचं उत्तर नीट पाहिल्याशिवाय कर्न्सचा निकाल किती जिव्हारी लागणारा आहे हे कळत नाही.

अमेरिकेत कामगार भरपाईचे कायदे राज्यांचे. कारखान्यात हात तुटला, तर चूक कुणाची हे न विचारता ठरलेली रक्कम मिळते. आंतरराज्य रेल्वेच्या कामगाराला मात्र हे लागू नाही. त्याच्यासाठी १९०८ सालचा फेडरल कायदा आहे, ‘फेला’ या लघुनामाने ओळखला जाणारा. त्यात रेल्वे कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. १९१७ साली विनफिल्ड खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की फेला आहे तिथे राज्याची भरपाई योजना चालत नाही, निष्काळजीपणा कुणाचाच नसेल तरीही. त्या निकालाला कडाडून विरोध करणाऱ्या न्यायमूर्तीचं नाव लुई ब्रँडाइस. कामगाराला राज्याने काही द्यायचं ठरवलं तर केंद्राच्या कायद्याने ते का हिरावून घ्यावं, असा त्यांच्या भिन्नमताचा रोख. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

फेला अगदीच कोता नाही. १९४९ साली युरी खटल्यात कोर्टाने म्हटलं की फेलामध्ये अपघाताबरोबर व्यवसायजन्य आजारही येतात. तो कामगार इंजिनावरचा फायरमन, म्हणजे भट्टी सांभाळणारा, होता. रुळांवर वाळू सोडणारी यंत्रणा नादुरुस्त असल्याने वर्षानुवर्षं वाळूची धूळ छातीत जाऊन त्याला सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार झाला होता. आजार कळल्यापासून मुदत मोजायची, हेही त्याच निकालात ठरलं. २००३ साली नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या सहा निवृत्त कामगारांच्या प्रकरणात कोर्ट आणखी पुढे गेलं: ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, झालेल्याला कर्करोगाची जी खरी आणि गंभीर भीती वाटते, तिचीही भरपाई मागता येते. उलट १९९७ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनखालच्या वाफेच्या बोगद्यांत काम केलेल्या पाइपफिटरला, अजून आजाराची लक्षणं नाहीत म्हणून, रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं.

पण फेलाचा दावा फक्त मालकावर, म्हणजे रेल्वे कंपनीवर करता येतो. ब्रेक शू बनवणारा या कामगाराचा मालक नव्हे. शिवाय मिलवॉकी रोडने १९७७ साली दिवाळखोरी जाहीर केली, आणि १९८५ साली तिची रेल्वे ‘सू लाइन’ने विकत घेतली. २००५ साली आजार उघडकीस येणाऱ्या माणसासाठी मालक म्हणजे काय, तर जुन्या पगाराच्या पावतीवरचं नाव.

उरला कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा कायदा, १९७० सालचा, ‘ओशा’ म्हणून प्रसिद्ध. ॲस्बेस्टॉसबद्दल खरोखर काही बोलणारा कायदा हाच. याखाली १९७१ साली पहिली मर्यादा आली: हवेच्या दर घनसेंटिमीटरमागे १२ तंतू. ती उतरत उतरत १९९४ साली ०.१ वर आली. हा एवढा उतार पाहिला की १९४७ ते १९७० दरम्यान शेडमध्ये ओशाची कुठलीच मर्यादा नव्हती याचा अर्थ कळतो. ओशा हे नाव त्या कायद्याने उभ्या केलेल्या यंत्रणेचंही; ती भरपाई देत नाही, मालकाला दंड करते. पण तिच्या कायद्यात एक कलम आहे, ज्याचा मतलब असा: कामातून झालेली इजा, आजार किंवा मृत्यू याबाबत मालक आणि कामगारांचे राज्यांच्या कायद्याने व कॉमन लॉने (कोर्टांच्या निकालांतून घडलेल्या कायद्याने) असलेले हक्क आणि जबाबदाऱ्या आम्ही वाढवत नाही, कमीही करत नाही.

म्हणजे धुळीवर नेमका बोलणारा कायदा म्हणतो, कोर्टाची वाट आम्ही अडवलेली नाही. ती अडवली दुसऱ्याच कायद्याने.

जॉर्जियाचं दार, विस्कॉन्सिनचा पडदा

आपल्याकडे केंद्र-राज्य वाद आला की घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या, केंद्र-राज्यांत विषय वाटणाऱ्या तीन याद्या आणि दोन्ही कायद्यांत विसंगती आली तर काय याचं कलम २५४ आठवतं. अमेरिकेच्या घटनेत अशा तीन याद्या नाहीत. तिच्या सहाव्या अनुच्छेदात फेडरल कायदा देशाचा सर्वोच्च कायदा आहे, असं एक वाक्य आहे, आणि त्या वाक्याचा पल्ला किती हे कोर्टं दोनशे वर्षं ठरवत आली आहेत. फेडरल कायद्यापुढे राज्याचा कायदा मागे सरण्याला तिथे ‘प्रीएम्प्शन’ म्हणतात. कधी संसद कायद्यातच तसं लिहून ठेवते. कधी दोन्ही कायदे एकाच वेळी पाळता येत नाहीत, म्हणून राज्याचा मागे सरतो. आणि कधी कोर्ट म्हणतं की संसदेने हे सगळं रानच आपल्या ताब्यात घेतलं आहे, राज्याने तिथे पाऊलही टाकायचं नाही. हा तिसरा प्रकार सगळ्यात जालीम. आपली न्यायालयंही ‘व्याप्त क्षेत्र’ हा शब्द वापरतात, पण आपल्याकडे तो घटनेतल्या याद्या समोर ठेवून वापरायचा असतो. तिथे संसदेच्या मनात काय होतं ते हुडकावं लागतं.

१९११ साली अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, बॉयलर तपासणी कायदा केला. कारण साधं होतं. वाफेच्या इंजिनांचे बॉयलर फुटत आणि माणसं मरत. १९१५ साली त्याची व्याप्ती बॉयलरपुरती न ठेवता सगळ्या इंजिनावर, त्याच्या टेंडरवर (मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर) आणि ‘सर्व भाग व उपांगांवर’ नेली. इंजिन सुस्थितीत असेल आणि चालवताना विनाकारण इजेचा धोका नसेल तरच रेल्वेने ते आपल्या मार्गावर वापरावं, हा गाभा. पुढे याला ‘लोकोमोटिव्ह इन्स्पेक्शन ॲक्ट’ म्हणू लागले. यात प्रीएम्प्शनचं कलम नाही. राज्यांचा किंवा भरपाईच्या दाव्यांचा उल्लेखही नाही.

मग रान ताब्यात घेतलं कुणी? १९२६ च्या नेपियर निकालाने. जॉर्जिया राज्याने नियम केला होता की इंजिनाच्या भट्टीला आपोआप उघडझाप होणारं दार हवं. विस्कॉन्सिनने म्हटलं होतं, थंडीत चालकाच्या केबिनला पडदा हवा. रेल्वे कंपन्या कोर्टात गेल्या. राज्यांचा युक्तिवाद समजुतीचा होता: केंद्राचा कायदा अपघात टाळण्यासाठी, आमचे नियम कामगाराच्या प्रकृतीसाठी, पडदा थंडीवाऱ्यापासून होणारं आजारपण टाळतो, त्याचा बॉयलर फुटण्याशी काय संबंध? कोर्टाने तो मानला नाही. हेतू वेगळे असोत, दोन्ही कायदे एकाच वस्तूवर, इंजिनाच्या साधनसामग्रीवर चालतात. इंजिनाच्या प्रत्येक भागाची रचना, बांधणी आणि साहित्य हे सगळं क्षेत्र केंद्राचं. केंद्राच्या आयोगाने दाराबद्दल वा पडद्याबद्दल कुठलाच नियम केला नव्हता, यानेही फरक पडत नाही. अधिकार दिला आहे एवढं पुरे. एकमताचा हा निकाल लिहिला ब्रँडाइस यांनी. नऊ वर्षांपूर्वी विनफिल्डमध्ये राज्यांची बाजू घेणारे हेच. १९२६ साली त्यांच्यापुढे राज्यांचे नियम आणि रेल्वे कंपन्या होत्या, धुळीने मरणारा माणूस नव्हता. सहा-सात राज्यांतून धावणाऱ्या इंजिनाला दर सीमेवर दार नाहीतर पडदा बदलावा लागू नये, यात तेव्हा तरी काही गैर दिसत नव्हतं.

माझ्या मते या प्रकरणाची कळ ‘साहित्य’ या एका शब्दात आहे. ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस घालणं म्हणजे इंजिनाच्या एका भागाचं साहित्य निवडणं. ते चुकीचं होतं असं पेनसिल्व्हेनियाच्या ज्युरीने म्हणणं म्हणजे राज्याने इंजिनाचं साहित्य ठरवणं. १९२६ सालचा तो शब्द उचलला की बाकी सगळं त्यातून ओघाने येतं.

कोर्टात काय झालं

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिला. सहा विरुद्ध तीन अशी विभागणी झाली, पण तीही सगळ्या मुद्द्यांवर नव्हे. कर्न्सच्या वकिलांनी अनेक बाजूंनी वाट काढून पाहिली.

एक, १९७० साली संसदेने रेल्वे सुरक्षेचा नवा, व्यापक कायदा केला. त्यात केंद्राने नियम करेपर्यंत राज्यांना मोकळीक दिली आहे, तेव्हा नेपियर आता जुना झाला. कोर्ट म्हणालं, नव्या कायद्याने जुन्याला हात लावलेला नाही, त्यात भर घातली आहे.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार होता, आणि त्यामागे खुद्द अमेरिकी सरकारचे सॉलिसिटर जनरल उभे होते. कायदा ‘मार्गावर वापरात असलेल्या’ इंजिनाबद्दल बोलतो. शेडमध्ये जॅकवर चढवलेलं, सुटे भाग काढलेलं इंजिन वापरात कुठे असतं? मग दुरुस्तीतल्या धोक्यांबद्दलचे दावे त्या क्षेत्राबाहेरचे. याला एक आधारही होता, तो मला कोर्टाच्या उत्तरापेक्षा बोलका वाटतो: १९७८ साली फेडरल रेल्वे प्रशासनाने धोरण जाहीर केलं होतं की गाड्या चालवण्यातली सुरक्षितता आपण पाहू, पण शेड-वर्कशॉपमधले सर्वसाधारण कामाचे धोके मुख्यतः ओशाकडे राहतील. म्हणजे शेडमधल्या हवेचं ओझं रेल्वे प्रशासनाने स्वतःच खांद्यावरून उतरवलं होतं. पण कोर्टाने नेपियरकडे बोट दाखवलं. तिथे आखलेलं क्षेत्र वस्तूचं आहे, जागेचं नाही. इंजिनाचा भाग रुळावर असो की शेडमध्ये, तो इंजिनाचाच भाग.

तिसरं, कायदा रेल्वे कंपन्यांना बांधतो. हा कामगार नोकरीत होता तेव्हा उत्पादक त्याच्या कक्षेत नव्हते, त्यांना ढाल का? उत्तर पुन्हा तेच, वस्तू महत्त्वाची, बनवणारा कोण हे नाही. नाहीतर राज्याला रेल्वेवर जे लादता येत नाही ते उत्पादकामार्फत लादता येईल. आणखी एक, नेपियर राज्याने केलेल्या नियमांबद्दल होता, भरपाईच्या दाव्याबद्दल नव्हता. कोर्ट म्हणालं, भरपाईचा हुकूम हाही वागणूक बदलायला लावणारा नियमच.

खरी झटापट झाली ती शेवटच्या मुद्द्यावर. साहित्य बदला असं आम्ही म्हणतच नाही, धोका सांगायला हवा होता एवढंच म्हणतो. खोक्यावर चार ओळी, पुस्तिकेत एक पान: सुकं खरवडू नका, ओलं करा, मास्क लावा. यात इंजिनाच्या एकाही भागाला धक्का लागत नाही. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांना हे पटलं. घडणीच्या दोषाचा दावा नेपियरमुळे बुडतो हे त्यांनी मान्य केलं, पण सूचना न दिल्याचा दावा वेगळा, तो जिवंत राहायला हवा, असं त्यांनी लिहिलं. गिन्सबर्ग आणि ब्रायर त्यांच्याबरोबर होते. थॉमस यांचं म्हणणं, सूचनेशिवाय वस्तू सदोष ठरते असंच हा दावा सांगतो, म्हणजे तोही वस्तूवरच येऊन बसतो.

न्यायमूर्ती एलेना केगन यांनी बहुमताबरोबर जाऊन वेगळं टिपण लिहिलं. मला ते सगळ्यात प्रामाणिक वाटतं. आज हा प्रश्न नव्याने आला असता तर नेपियर असा लागला असता का, याची त्यांना शंका आहे. पण तो मोडा असं कुणी मागितलेलं नाही, तेव्हा तो लागू. आणि नेपियरचं माप असं, की केंद्रीय यंत्रणेचा अधिकार जिथवर पोचतो तिथवर क्षेत्र व्यापलेलं. ती यंत्रणा इंजिनाच्या भागांवर धोक्याच्या सूचना लावायला सांगू शकते. म्हणून सूचनाही आत. सांगू शकते यातच सगळं आलं. तिने कधी तसं सांगितलं का, हा प्रश्न या मापात बसतच नाही.

आठवा तो युरीचा फायरमन. १९४९ साली कोर्टाने म्हटलं होतं की हाच बॉयलर तपासणी कायदा नुसत्या अपघातापासून नव्हे, धुळीच्या आजारापासूनही संरक्षण देतो. तेव्हा कायद्याची व्याप्ती रुंदावली आणि कामगाराचं भलं झालं, कारण समोर रेल्वे होती. २०१२ साली तीच रुंदी उत्पादकाच्या पथ्यावर पडली.

शेजारची दारं

तुलनेला समुद्र घ्या. २०१९ साली डेव्हरीज खटल्यात नौदलाच्या जहाजांवर काम करून कर्करोगाने गेलेल्या खलाशांच्या कुटुंबांना त्याच कोर्टाने वाट दिली. तिथे तर उत्पादकांनी पुरवलेल्या यंत्रांत काही वेळा ॲस्बेस्टॉस नव्हतंच, ते नंतर बसवलं गेलं होतं. तरी यंत्र चालायला तो भाग लागणार आणि त्याने धोका होणार हे ठाऊक असेल, आणि वापरणाऱ्यांना ते कळेल असं मानायला कारण नसेल, तर सूचना देण्याची जबाबदारी उत्पादकाची. सागरी कायदा कोर्टंच घडवतात, त्यांच्या मानेवर नेपियर बसलेला नाही. बॉयलर जहाजाचा की इंजिनाचा, यावर भरपाई ठरते ती अशी.

कर्न्सनंतर वकिलांनी कडेकडेने जागा शोधल्या. २०१५ साली तिसऱ्या सर्किटच्या न्यायालयापुढे नोएडलर प्रकरण आलं. गंमत म्हणजे त्यात फिर्यादी खुद्द रेल्वे कंपन्या होत्या. इंजिनातल्या सदोष आसनांमुळे जखमी झालेल्या कर्मचाऱ्यांना फेलाखाली पैसे दिल्यावर ते आसन-उत्पादकाकडून वसूल करायला त्या निघाल्या, आणि आड आला कर्न्स. न्यायालयाने म्हटलं, राज्याने स्वतःचं माप लावायचं नाही हे खरं, पण केंद्राच्या कायद्याचंच माप मोडलं असा दावा राज्याच्या कायद्याखाली करता येईल. २०१६ साली त्याच न्यायालयात प्रवासी डब्यांतल्या पाइपांभोवतीच्या ॲस्बेस्टॉस वेष्टणाचा दावा आला. डबा म्हणजे इंजिन नव्हे; इंजिन तपासणी कायदा तिथवर पोचत नाही. दावा जिवंत राहिला.

त्यामुळे आता अशा माणसाची जबानी घ्यायला बसलं की डॉक्टरांच्या कागदांआधी वेगळेच प्रश्न येतात. माणूस नव्वदीतला, बाजूला ऑक्सिजन. १९५८ च्या त्या हिवाळ्यात तुम्ही ज्या पाइपावरचं वेष्टण सोलत होता, तो पाइप इंजिनाचा होता, डब्याचा होता, की शेड गरम ठेवायला भिंतीवरून नेलेला?